दोन साक्षीदार आणि एक पिवळी मतपत्रिका

मंगळवार, २३ ऑगस्ट २०२२. दुपारी एक वाजून दहा मिनिटं. ठिकाण : दुबई–अल ऐन रस्त्यावरच्या एका डेअरीचं कँटीन. हजर : बेंग्त, वय त्रेसष्ट, स्वीडिश नागरिक, मतदार. लॉरेन्स, वसईचा, आमच्या कंपनीचा स्टोअरकीपर, साक्षीदार क्रमांक एक. मी, वैशाली, मूळची ठाण्याची, ऑफिस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, साक्षीदार क्रमांक दोन. शफीकभाई, कँटीनवाले, काम नसताना हजर. चौघांच्याही डोक्यावर निळ्या जाळीच्या टोप्या, कारण डेअरीत केस उघडे ठेवायला मनाई.

ही नोंद माझ्या वहीत अशीच्या अशी आहे. स्वीडनच्या संसदेच्या निवडणुकीतलं एक मत त्या कँटीनमध्ये, लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, खोक्याआड टाकलं गेलं. माझ्या नेमणूकपत्रात असल्या कामाचा उल्लेख नाही. तरी पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी सगळ्यात जास्त धडपड कशासाठी केली असं कुणी विचारलं, तर मी हीच तारीख सांगेन.

आधी माझं काम काय ते सांगते, कारण ठाण्याला गेले की अजूनही मावशी विचारते, "म्हणजे तू तिथे नक्की करतेस काय?" आमची कंपनी स्वीडनची. दूध, लबन, ज्यूस खोक्यात भरायची यंत्रं बनवते. दुबईच्या जबल अलीत ऑफिस आणि गोदाम आहे. यंत्रं बसवायला, दुरुस्त करायला तिकडून माणसं येतात. कुणी सहा आठवडे, कुणी सहा वर्षं. तो माणूस विमानतळावर उतरल्यापासून परत विमानात बसेपर्यंत त्याला जे जे कागद लागतात ते सगळे माझ्याकडे. एंट्री परमिट, मेडिकल, एमिरेट्स आयडी, घराचा करार, गाडीचं लायसन्स, मुलांची शाळा. एकाच्या कुत्र्याचेही कागद मी केले आहेत. कुत्र्याचा फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर हवा होता आणि कुत्रा पांढरा होता. मी त्याच्यामागे निळी चादर धरली आणि अर्ज घेणाऱ्या खिडकीवर समजावून सांगितलं. चाललं.

हे सगळं मी याद्यांवर चालवते. डाव्या रकान्यात काम, मग माणूस, मग तारीख, मग 'झालं' असा रकाना. लॉरेन्स मला 'यादीबाई' म्हणतो. तोंडावर म्हणतो, मागे काय म्हणतो ते त्याचं तो जाणे. माझा अभिमान असा, की माझ्याकडून कागद गेला की समोरच्याला फक्त सही करावी लागते. सहीच्या जागी पिवळी चिकटपट्टी, तारीख भरलेली, नाव टाइप केलेलं. मोठमोठे मॅनेजर माझा कागद न वाचता सही करतात. हा अभिमान पुढे मला नडला.

आता २०१८ सालात जाते, कारण सुरुवात तिथे आहे.

आमच्या ऑफिसात तेव्हा इंग्रिड होती, हिशेब विभागाची प्रमुख. साठीच्या घरातली, उंच, केस पांढरे, चप्पल नेहमी एकच. दर शुक्रवारच्या सुट्टीआधी ती घरी वेलदोडे घातलेले गोड पाव भाजून आणायची. त्यांच्याकडे वेलदोडा आपल्यापेक्षा जास्त खातात हे मला तिच्याकडून कळलं. तो ती देरातल्या मसाल्याच्या गल्लीतून आणायची आणि दुकानदाराशी हिंदीत घासाघीस करायची. "कम करो, भाईसाब," एवढंच तिचं हिंदी, पण तेवढ्यावर भागायचं.

त्या वर्षी सप्टेंबरात त्यांच्या संसदेची निवडणूक होती. इंग्रिडने मला एक दिवस जेवणाच्या सुट्टीत सगळं समजावून सांगितलं. परदेशातल्या माणसाला दूतावासात जाऊन मत देता येतं. ते जमत नसेल तर टपालाने. संसदेची मतपत्रिका पिवळी. ती एका लहान पाकिटात घालायची, ते पाकीट मोठ्या पाकिटात, आणि मोठ्या पाकिटावर दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदार स्वीडिशच पाहिजेत असं नाही. "तूसुद्धा होऊ शकतेस," ती म्हणाली. मला गंमत वाटली. तिने आणि बेंग्तने आपापली पाकिटं घरूनच, शेजाऱ्यांच्या साक्षीने तयार करून आणली होती. माझ्याकडे काम एकच : पाठवणं.

मी पाठवली. कशी पाठवली ते लिहायला आजही हात जड होतो. मुख्य कचेरीला दर आठवड्याला आमची एक पिशवी जायची, कुरियरने, कुलूप लावून. त्यात करार, मूळ बिलं, पासपोर्टच्या प्रती. तीन दिवसांत हमखास पोचायची. मी विचार केला, साध्या टपालाला कशाला द्या, हरवलं तर? पिशवीत घालू, तिथल्या कचेरीतलं टपाल सांभाळणारी बाई गावातल्या पेटीत टाकेल, एका दिवसात पोचेल. दोन्ही पाकिटं पिशवीत घातली, 'झालं'च्या रकान्यात खूण केली, आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

मतदानाला तीन दिवस उरले असताना तिकडून त्या बाईची ईमेल आली : दोन्ही पाकिटं आज आमच्या इथल्या पेटीत टाकली, शुभेच्छा. बेंग्तला प्रत होती. बेंग्त आमचा सर्व्हिसचा प्रमुख. मोजकं बोलणारा, यंत्राच्या आवाजावरून कुठला बेअरिंग जाणार ते सांगणारा. तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, इथे मराठीत देते.

"वैशाली, ही पाकिटं स्वीडनमधून टाकली गेली?"

"हो बेंग्त सर. उद्या पोचतीलच."

"टपालाचं मत देशाबाहेरूनच यावं लागतं. देशातून टाकलेलं चालत नाही. पाकिटावर लिहिलेलं आहे."

पाकिटावर लिहिलेलं होतं, स्वीडिशमध्ये. मला स्वीडिश येत नाही. पण विचारायला तोंड होतं, आणि विचारायची माझी सवयही आहे. त्या दिवशी मला वाटलं, टपाल म्हणजे टपाल, त्यात विचारायचं काय?

"आता काही करता येईल?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत इंग्रिड पावांचं ताट उघडत होती. स्वतःचं मत देऊन झालं म्हणून त्या दिवशी तिने दुप्पट आणले होते. "आज तिला सांगू नकोस. नंतर सांगू."

त्या वर्षी त्यांचा निकाल इतका अटीतटीचा लागला की दोन बाजूंमध्ये एका जागेचा फरक होता. सरकार बनायला चार महिन्यांच्या वर गेले. ते चार महिने इंग्रिड रोज सकाळी बातम्या वाचून सांगायची, "बघ, एकेक मत कसं मोलाचं असतं." मी मान हलवायचे. बेंग्त चहा ढवळत बसायचा. पुढच्या उन्हाळ्यात इंग्रिड निवृत्त होऊन गावी गेली. 'नंतर' काही आलं नाही.

मग २०२२.

जानेवारीत इथे सुट्टीचे वार बदलले, शुक्रवारचा शनिवार-रविवार झाला, आणि मी वर्षाची नवी यादी केली. पहिल्या पानावर, लाल शाईने : 'सप्टेंबर. बेंग्तचं मत. बाहेरून. वेळेत.' बेंग्त त्या डिसेंबरात निवृत्त होणार होता. परदेशातून मत द्यायची त्याची ही शेवटची खेप. गेल्या खेपेचं माझ्यामुळे गेलं होतं. हे पोचवायचंच, एवढं मी ठरवलं होतं.

अडचण अशी, की ऑगस्टमध्ये त्या डेअरीचा वार्षिक शटडाऊन. वर्षातून एकदा भरणीची लाइन पूर्ण थांबवतात, यंत्र खोलतात, झिजलेलं सगळं बदलतात. तीन आठवडे बेंग्त तिथेच राहणार, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत. अबू धाबीला दूतावासात जाऊन मतदान करायचे दिवस नेमके त्यातच. म्हणजे पुन्हा टपाल.

या वेळी मी सूचनांचं पान इंग्रजीत मिळवलं, दोनदा वाचलं, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या. बाहेरून पाठवणे : रेघ. वेळेत पोचणे : रेघ. दोन साक्षीदार, नाव, पत्ता, सही : रेघ. पाकिटांचे तीन संच मागवले, एक खरा आणि दोन जादा, कारण मी जादा ठेवल्याशिवाय काहीच करत नाही. लॉरेन्सला बोलावलं. दोघांनी तिन्ही मोठ्या पाकिटांवर साक्षीदार म्हणून सह्या केल्या. तारीख मी भरली, शुक्रवारची, कारण ड्रायव्हर शुक्रवारी सकाळी पाकिटं नेणार होता. बेंग्तने सही करायच्या जागी पिवळी चिकटपट्टी लावली. सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. ड्रायव्हर गेला. 'झालं.'

अकरा वाजता फोन.

"वैशाली, मी मत टाकताना तू पाहिलंस?"

"अजून तुम्ही टाकलंच नाहीये ना, बेंग्त सर."

"तेच म्हणतो मी. आणि सर नको."

तो पुढे म्हणाला, "इथे लिहिलंय, हा माणूस आमच्यासमोर मतपत्रिका पाकिटात घालून पाकीट बंद करताना आम्ही पाहिला. खाली तुझी सही. तू ऑफिसात आहेस. मी यंत्राखाली आहे."

"ते फक्त फॉर्मॅलिटी…"

"नाही," तो म्हणाला. आवाज चढला नाही. "हे मी पाठवणार नाही."

आता खरं सांगायचं तर मला राग आला. रागाचं कारणही सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी हेच केलं असतं. आपल्याकडे साक्षीदार म्हणजे कोण? माझे वडील आमच्या ठाण्याच्या सोसायटीत सगळ्यांचे साक्षीदार होते. कुणाचाही फॉर्म आला की अण्णा चष्मा लावायचे, सही करायचे, चष्मा काढायचे. माझ्या लग्नाच्या नोंदणीत तिसरा साक्षीदार कमी पडला, तेव्हा नवऱ्याच्या काकांनी बाहेर झेरॉक्सच्या रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थाला आत आणलं. त्यांनी मला त्या दिवसाआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. पण त्या रजिस्टरात ते आमच्या लग्नाचे साक्षीदार आहेत. इथल्या, सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्येही तेच. साक्षीदार म्हणजे रिकामी राहिलेली ओळ, आणि ओळ रिकामी ठेवायची नाही ही माझी शिस्त.

संध्याकाळी अल बर्शाला घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, सही तर तूच करणार होतीस. आधी काय नि नंतर काय?"

मुलगी लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाली, "मॉम, दॅट्स लिटरली फ्रॉड."

"फ्रॉड काय त्यात? माझी स्वतःची सही आहे."

"यू साइन्ड दॅट यू सॉ समथिंग. यू डिडन्ट सी इट." आणि परत लॅपटॉपमध्ये.

रात्री जेवताना ते वाक्य भाताबरोबर गिळता येईना. चार वर्षांपूर्वी मी पाकिटावरचं न वाचता पाठवलं. आता वाचून, रेघा मारून, तरी न पाहता सही केली. बेंग्तचं मत माझ्या हातून दुसऱ्यांदा जायच्या बेताला आलं होतं. शनिवारी सकाळी नवीन पान काढलं.

तिन्ही संच बाद. नवे आणायला सोमवारी स्वतः अबू धाबीला दूतावासात गेले. जायला दीड तास, यायला पावणेदोन. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, किती हवेत? मी म्हटलं, एक. मग म्हटलं, दोन. सवय जात नाही. पाकिटं गाडीत तापू नयेत म्हणून डब्याच्या थंड पिशवीत ठेवली.

मंगळवारी लॉरेन्सला गाडीत बसवलं. तो कुरकुरत होता, गोदामात माल उतरायचा होता.

"मॅडम, आपण दीड तास जायचं, एक माणूस पाकीट चिकटवतो ते बघायचं, दीड तास यायचं?"

"हो."

"माझ्या बहिणीच्या लग्नात मी चर्चमध्ये वेळेवर नव्हतो. इथे बघा."

"तिथे तुझी सही नव्हती. इथे आहे."

"आणि ती पाकिटं मेथीच्या पराठ्याच्या पिशवीत ठेवलीयत तुम्ही. तिकडे पाकीट उघडतील तर म्हणतील, हे कुठल्या मतदारसंघातून आलं?"

एक वाजता बेंग्त कँटीनमध्ये आला, हात ग्रीसने काळे. ते त्याने पाच मिनिटं साबणाने धुतले. ओल्या हाताने कागद धरणार नाही म्हणून आणखी पाच मिनिटं वाळवले. मग टेबलाशी बसला आणि म्हणाला, "तुम्ही पाहायचं, पण मी काय लिहितो ते पाहायचं नाही."

कँटीनमध्ये पडदा नाही, आडोसा नाही, लांब स्टीलची टेबलं. मी इकडेतिकडे पाहिलं. शफीकभाई म्हणाले, "गत्ता चलेगा?" आणि लबनचं मोठं रिकामं खोकं कापून उभं केलं. त्याच्या बाहेरच्या बाजूवर हसरी गाय होती. गाय आमच्याकडे, बेंग्त आत.

"बेटी, ये क्या हो रहा है?" शफीकभाईंनी मला विचारलं.

"इलेक्शन, भाईजान. उनके मुल्क का."

"यहाँ? हमारे कँटीन में?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग बेंग्तकडे. "तो चाय बाद में देता हूँ." आणि दाराशी जाऊन उभे राहिले. आत येणाऱ्या दोघा कामगारांना त्यांनी हाताने थांबवलं. "दो मिनट, हबीबी. वोटिंग है." ते दोघे खरोखर थांबले.

बेंग्तने खोक्याआड पिवळ्या कागदावर काहीतरी लिहिलं. पेन हललं तेवढं आम्ही पाहिलं, अक्षर नाही. मग खोकं बाजूला सारलं. घडी घातलेली पिवळी मतपत्रिका वर धरली, आम्हाला दोघांना नीट दिसेल अशी. लहान पाकिटात घातली. पाकीट बंद केलं. ते मोठ्या पाकिटात घातलं. मोठं बंद केलं, अंगठ्याने कडा दाबली, डावीकडून उजवीकडे. स्वतःची सही केली. तारीख स्वतः घातली. मग पाकीट फिरवून लॉरेन्सपुढे ठेवलं.

"आता," तो म्हणाला.

मला त्या दोन मिनिटांत काय झालं ते समजावून सांगता येणार नाही. मी हजारो कागद हाताळले, पण कागद भरला जात असताना नुसतं बसून पाहिलं असं कधी केलं नव्हतं. माझा हात सारखा पुढे जात होता, कडा सरळ करायला. मी तो मांडीखाली दाबून ठेवला.

लॉरेन्सने सही केली आणि पत्त्यापाशी अडला. "मॅडम, पत्ता कुठला?"

"तुझा."

"जबल अलीचा तर कॅम्प आहे. खोली नंबर, बेड नंबर. तो काय पत्ता झाला?" त्याने थोडा विचार केला आणि वसईच्या घराचा पत्ता लिहिला, वाडीचं नाव, चर्चचं नाव, पिनकोडसकट. बेंग्तने तो वाचला, मान डोलावली. मग माझी पाळी. तोवर बावीस वर्षं मी इथे सगळ्यांच्या कागदांवर कंपनीचा पोस्ट बॉक्स लिहीत आले होते. आमच्याकडे टपाल घरी येतच नाही. माझ्या इमारतीचा रस्ता कुठला हे मला आठवेना. मुलीला फोन केला, तिने खाली जाऊन दारावरच्या पाटीवरचा मकानी नंबर, म्हणजे इमारतीचा सरकारी क्रमांक, वाचून दाखवला, दहा आकडी. वाचताना म्हणाली, "मॉम, आर यू अ‍ॅक्च्युअली देअर धिस टाइम?"

"अ‍ॅक्च्युअली," मी म्हटलं. सही केली.

शफीकभाईंनी चहा आणला. त्यांनी विचारलं, साहब जीतेंगे क्या? बेंग्तला सांगितलं तेव्हा तो हसला. मी त्याला हसताना क्वचितच पाहिलं होतं.

परतताना थेट कुरियरच्या ऑफिसात. आत काय आहे? कागद. किंमत? खिडकीवरचा पठाण मुलगा स्क्रीनकडे पाहत म्हणाला, "मॅडम, व्हॅल्यू डालना पडेगा. झीरो डालूँ?"

एवढी धडपड केलेल्या वस्तूची किंमत शून्य लिहायला मन होईना. पण पर्याय नव्हता. "झीरो," मी म्हटलं, आणि पावतीवर पाठवल्याचं ठिकाण 'दुबई' आहे हे तीनदा वाचून पाहिलं.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी स्क्रीनवर आलं : पोचलं, सही झाली. मी ते छापून काढलं, फाइलला लावलं. त्या रात्री मोदकांचं सारण करताना गुणगुणत होते असं नवरा म्हणतो.

निकाल लागल्यावर मी बेंग्तच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न केला की त्याच्या बाजूचं सरकार आलं की गेलं. त्याही वेळी फरक अगदी थोडा होता. तो नेहमीसारखाच चहा ढवळत होता. मी विचारलं नाही. साक्षीदाराने किती पाहायचं ते आता मला माहीत होतं.

डिसेंबरात त्याचा निरोप समारंभ झाला. केक, भाषणं, लॉरेन्सने गायलेलं एक गाणं, सगळं यादीप्रमाणे. गाडी यायच्या आधी तो माझ्या टेबलापाशी आला, २०१८ ला उभा होता तिथेच.

"माझं झालं," तो म्हणाला. "इंग्रिडचं?"

"तुम्ही म्हणाला होतात, नंतर सांगू."

"हो. चूक माझीही आहे. पण पिशवीत तू घातलं होतंस, वैशाली."

"मी लिहीन," मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी इंग्रिडचं नाताळचं पत्र आलं. ती दरवर्षी लिहिते, हाताने. त्यात होतं : या वेळी गावच्या शाळेत मत दिलं, पण खरी मजा दुबईची. इथे सगळ्यांना सांगते, त्या एका जागेच्या फरकाच्या निवडणुकीत माझं मत वाळवंटातून आलं होतं. नातवंडांनी शाळेत त्यावर निबंध लिहिला. तुझंही नाव आहे त्यात.

मी ते पत्र वाचलं, घडी केली आणि उत्तरात नाताळच्या शुभेच्छा लिहिल्या. वेलदोडे पाठवले, अर्धा किलो, कुरियरने.

पुढच्या सप्टेंबरात तिकडे पुन्हा निवडणूक आहे. आमच्याकडे आता तीन नवे स्वीडिश आहेत. त्यांची यादी मी आत्ताच केली आहे, आणि त्यांच्या पाकिटांवर मी किंवा लॉरेन्स समोर बसल्याशिवाय सही होणार नाही, हे गोदामाच्या भिंतीवर लावलं आहे. लॉरेन्सने त्याखाली लिहिलंय, 'पराठे आणणे.'

ही सगळी हकीकत मी इथे पहिल्यांदाच लिहिली. मराठीत लिहिली, आणि इंग्रिडला मराठी येत नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. त्यामुळे यादीतली ती ओळ या लिखाणाने खोडता येणार नाही. सात वर्षं ती एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवतेय. यंदाच्या वहीत ती पान चारवर आहे : काम, इंग्रिडला खरं सांगणे. माणूस, मी. तारीख, रिकामी. 'झालं', रिकामं.